खाटा मोजू नका, काट्यावर घाला

आळेफाट्याजवळ माझं ट्रॉलीदुरुस्तीचं दुकान आहे. पूर्वी लोक यायचे ते धुरा वाकला, पाटा तुटला, हूक झिजला म्हणून. आता मोबाईल पुढे करतात. त्यात ऑस्ट्रेलियातलं कुठलंसं कुटुंब लाल मातीच्या रस्त्यावर कॅम्पर ट्रेलर ओढत चाललेलं असतं. संध्याकाळी ते लोक ट्रेलर उघडतात. त्यातून तंबू निघतो, ओटा निघतो, खाटा निघतात. व्हिडिओ दाखवणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला, “यात किती जण झोपतील?”

आपल्याकडे हा प्रश्न साहजिक आहे. जुन्नर-आंबेगावात अजून बारा-पंधरा माणसांची घरं आहेत. आमचंच चौदा जणांचं आहे. आई, आम्ही तिघे भाऊ, तिघी जावा, सहा मुलं आणि आत्या. मोठ्या घराची सहल म्हणजे दोन-तीन खोल्यांचं भाडं, एकाला जागा मिळते तर दुसऱ्याला नाही, आणि रात्री सगळे एकत्र बसायचं म्हटलं तर ओसरीही नाही. म्हणून ट्रेलरची कल्पना मनात भरते. आम्हीही ट्रेलर घेतला. पण माझं ठाम मत आहे की मोठ्या घराने ट्रेलर घेताना झोपायच्या जागा सगळ्यात शेवटी मोजाव्यात. आधी वजन, मग घाट, मग चूल, मग पाणी.

पहिल्यांदा एक फरक सांगतो, कारण दुकानात बहुतेकांचा इथेच घोळ होतो. मोटर कॅराव्हॅन म्हणजे इंजिनासकट चालणारं घर, टेम्पो ट्रॅव्हलरसारख्या गाडीत बांधलेलं. कॅम्पर ट्रेलरला स्वतःचं इंजिन नसतं. तो गाडीमागे जोडतात आणि मुक्कामी सोडून ठेवतात. ट्रेलरचा फायदा हा की मुक्कामावर गाडी मोकळी होते. डिंभ्याला ट्रेलर उभा करून तुम्ही भीमाशंकरला दर्शनाला जाऊन येऊ शकता. तोटा असा की चालत्या ट्रेलरात माणूस बसवायचा नाही. कधीच नाही, गावच्या गावात असलं तरी नाही. म्हणजे चौदा माणसांना बसायला गाड्या लागणारच. ट्रेलर घेतला म्हणून दुसरी गाडी वाचते, हा हिशेब चुकीचा आहे.

माणसं वेगळी आणि सामान वेगळं हलवायचं हे शहाणपण नारायणगावला नवं नाही. तमाशाची पंढरी म्हणून ज्या गावाचं नाव आहे, विठाबाई नारायणगावकरांचं जे गाव, तिथल्या फडांचे ट्रक पाटे बदलायला आमच्या दुकानात येत. चैत्रातल्या जत्रांच्या सुपाऱ्या ठरवायला नारायणगावात राहुट्या लागतात, तेव्हा गर्दी असे. एकेका फडात शंभरावर माणसं, आणि महिनोन्‌महिने बिऱ्हाड रस्त्यावर. त्यांच्याकडे तंबू, कनाती, रंगमंचाचं सामान वेगळ्या ट्रकमध्ये असे आणि स्वयंपाकाच्या भांड्यांची जागा ठरलेली असे, म्हणजे मुक्कामाला पोचलं की चूल आधी पेटली पाहिजे. मोठ्या बिऱ्हाडाचा संसार कसा हलवायचा हे शिकायला मला व्हिडिओंपेक्षा हे ट्रक जास्त उपयोगी पडले.

आता वजन. विकणारा सांगतो तो आकडा रिकाम्या ट्रेलरचा असतो. समजा तो साडेपाचशे किलो आहे. चौदा माणसांसाठी पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी रोज पाच लिटर धरलं तरी दोन दिवसांचं जवळजवळ दीडशे लिटर होतं, आणि लिटरभर पाणी म्हणजे किलोभर वजन. भांडी, शेगडी, सिलिंडर मिळून साठ किलो. शिधा सत्तर. प्रत्येकी चार किलो अंथरूण-पांघरूण धरलं की जवळजवळ साठ. तंबू, घडीच्या खुर्च्या, टेबलं ऐंशी. बॅटरी आणि सोलरचं सामान चाळीस. कपड्यांच्या पिशव्या पुन्हा ऐंशी. बेरीज पाचशे चाळीस. म्हणजे साडेपाचशे किलोंचा ट्रेलर रस्त्यावर अकराशेच्या घरात जातो. चौघांच्या कुटुंबाला हा हिशेब इतका अंगावर येत नाही. मोठ्या घराला येतो.

म्हणून विकणाऱ्याला दोन आकडे विचारा: रिकामं वजन किती, आणि भरून जास्तीत जास्त किती चालतं. दोन्हींतली वजाबाकी म्हणजे तुमचा संसार. ती साडेपाचशेपेक्षा कमी आली तर तो ट्रेलर कितीही देखणा असला तरी तुमच्या घराचा नाही. नंतर तो सामानासकट वजनकाट्यावर घाला. आपल्याकडे कांदा, ऊस सगळं काट्यावर जातं, त्यामुळे काटा शोधायला लांब जावं लागत नाही.

वजन किती यापेक्षा ते कुठे ठेवलंय हे जास्त महत्त्वाचं. ट्रेलरची पुढची दांडी गाडीच्या हुकावर जितका भार टाकते, तो एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास असावा, ही बऱ्याच ठिकाणी मानलेली मोजणी आहे. अकराशे किलोला साधारण शंभर-एकशे दहा. भार त्याहून फार कमी पडला, म्हणजे मागे वजन जास्त झालं, तर वेग वाढल्यावर ट्रेलर डावी-उजवीकडे झुलायला लागतो आणि झुलता झुलता गाडीलाही हलवतो. फार जास्त झाला तर गाडीचं मागचं अंग दबतं, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग हाती राहत नाही. हे मोजायला वर्कशॉप लागत नाही. सपाट जागी ट्रेलर उभा करा, चाकांना दगड लावा, घरातला माणसाचं वजन बघायचा काटा जमिनीवर ठेवून त्यावर लाकडाचा ठोकळा उभा करा आणि दांडीचं तोंड त्यावर टेकवा. दांडी हुकाच्याच उंचीला आली पाहिजे. काटा दाखवेल तो आकडा. पाण्याची टाकी धुऱ्याच्या बरोबर वर असेल तर ती भरली काय, रिती झाली काय, हा आकडा फारसा बदलत नाही. टाकी मागच्या टोकाला असलेला ट्रेलर मी घेऊ देत नाही.

ऑस्ट्रेलियात आणि युरोपात साडेसातशे किलोंच्या वर ट्रेलर गेला की त्याला स्वतःचे ब्रेक लागतात. आपल्याला तर त्याहून जास्त गरज आहे, कारण आपल्याकडे घाट आहेत. दहास एक अशा उतारावर अकराशे किलोंचा ट्रेलर जवळजवळ एकशे दहा किलोंच्या जोराने गाडीला मागून ढकलत असतो, आणि तो एकदा नाही, उतार संपेपर्यंत. माळशेज उतरायचा असेल तर हे लक्षात घ्या. ट्रेलरच्या ब्रेकचे दोन प्रकार जास्त चालतात. एकात ट्रेलर गाडीवर रेटला गेला की आपोआप ब्रेक लागतो. तो स्वस्त आणि साधा आहे, पण लांब उतारावर सारखा लागून राहतो आणि तापतो. दुसरा विजेवर चालतो. ड्रायव्हरच्या हाताशी त्याचं नियंत्रण असतं आणि किती जोर लावायचा ते ठरवता येतं. घाटात जाणार असाल तर विजेचाच घ्या. सोबत सुटक्याची दोरी असलीच पाहिजे: हूक निसटला तर ती ओढली जाऊन ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात. शिवाय दोन साखळ्या, दांडीखाली फुलीत बांधलेल्या. आणि उतार लहान गिअरमध्येच उतरायचा, हे ट्रॅक्टर चालवणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. कार चालवणाऱ्याला सांगावं लागतं.

ओढणाऱ्या गाडीबद्दल सरळ बोलतो. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या कित्येक गाड्यांच्या पुस्तिकेत ओढण्याची क्षमता दिलेलीच नसते. बोलेरो, स्कॉर्पिओ, ट्रॅक्स, गुरखा या गाड्या दणकट आहेत म्हणून त्या काहीही ओढतील असं नाही. कंपनीकडून लेखी विचारा. मागे हूक बसवणं हा गाडीतला बदल आहे, तेव्हा आरटीओला आणि विमा कंपनीलाही आधी विचारा. १९८८च्या मोटार वाहन कायद्यात मोटार वाहनाच्या व्याख्येतच ट्रेलर येतो, म्हणजे त्याला स्वतःची नोंदणी लागते, आणि जोडलेला असताना ओढणाऱ्या गाडीचा नंबरही ट्रेलरच्या मागे दिसावा लागतो. नोंदणीसाठी नमुना मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासलेला हवा. पुण्यात कोथरूडच्या टेकडीवरची एआरएआय ही त्यातली एक. माझ्यासारखा वेल्डर तुम्हाला चॅनेल-अँगल जोडून चारचौघांत उठून दिसेल असा सांगाडा बांधून देऊ शकतो. तो घेऊ नका. अपघात झाला तर विमा मिळणार नाही, आणि समोरच्याचं नुकसान तुमच्या शेतावर येईल. मी स्वतः कुणाला बांधून देत नाही. कागदपत्रं असलेला आणा, मी खालून तपासून देतो.

खालून तपासताना मी काय बघतो? धुऱ्यापासून सुरुवात. आपल्याकडच्या ट्रॉलीला आडवा सलग धुरा आणि पाटे असतात. महागड्या ट्रेलरांना प्रत्येक चाकाला स्वतंत्र हात आणि स्प्रिंग असते. खडबडीत वाटेवर ते नक्कीच चांगलं चालतं, आतली भांडी वाजत नाहीत. पण आहुप्याच्या रस्त्यावर संध्याकाळी त्यातला एखादा रबरी बुश गेला तर तो पुण्यातही मिळेल याची खात्री नाही. पाटा तुटला तर घोडेगावात, मंचरला, नारायणगावला, कुठेही जोडून मिळतो. चौदा माणसं सोबत असताना मला दुरुस्त होणारी वस्तू हवी, म्हणून आम्ही पाट्यांचाच घेतला. चाकं ओढणाऱ्या गाडीचीच घ्या: तेवढीच गोलाई, तेवढेच नट, तेवढंच दोन चाकांमधलं अंतर. आमच्या बोलेरोची स्टेपनी ट्रेलरला बसते, आणि ट्रेलरचं चाक गाडीने पाडलेल्या चाकोरीतच चालतं. पाणंद रस्त्यावर याचं महत्त्व कळतं.

मग हब. ट्रेलरच्या चाकाला इंजिनाचा जोर नसतो म्हणून लोक त्याच्या बेअरिंगकडे बघत नाहीत, आणि ट्रेलर रस्त्यात बंद पडण्याचं ते मोठं कारण असतं. वीस-पंचवीस किलोमीटर गेल्यावर थांबा आणि हबजवळ हात न्या. कोमट लागला तर ठीक. एक कोमट आणि दुसरा चटका देणारा असेल तर पुढे जाऊ नका: बेअरिंग फार आवळलंय, ग्रीस संपलंय, नाहीतर ब्रेक चिकटलाय. फरशी पुलावरून पाण्यातून ट्रेलर काढला असेल तर घरी आल्यावर हब उघडून ग्रीस बघा. पांढरट, दुधाळ दिसलं म्हणजे आत पाणी गेलंय.

चुलीचा निर्णय आमच्या थोरल्या वहिनींनी घेतला. विकणाऱ्याच्या अंगणात त्यांनी मागून बाहेर सरकणारा ओटा पाहिला. दोन नाजूक बर्नर, छोटं बेसिन, सगळं चकचकीत. वहिनींनी विचारलं, “भाऊजी, यावर भाकरी कशी भाजायची?” आणि प्रश्न अगदी नेमका होता. परदेशी ओटा कॉफी आणि अंडी डोळ्यांपुढे ठेवून केलेला असतो. त्यावर मोठा तवा बसत नाही, आच पुरत नाही, आणि घाटमाथ्याच्या वाऱ्यात ज्योत तव्याखाली टिकत नाही. भाकरी थापायला परात ठेवण्याइतकी सपाट जागा लागते, आणि चौदा माणसांच्या भाकरी करायला दोघी समोरासमोर लागतात. आम्ही ओट्याला तीन बाजूंनी घडीचा पत्रा लावून घेतला, एक मोठा बर्नर वेगळा घेतला जो जमिनीवर ठेवता येतो, आणि ओट्यावर फक्त चहा-भाजी ठेवली. सिलिंडर पाच किलोंचा, आणि तो ट्रेलरच्या बाहेरच्या कप्प्यात. त्या कप्प्याच्या तळाला भोकं हवीत, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर खाली साठतो. बंद ट्रेलरात स्वयंपाक करायचा नाही. ज्येष्ठ-आषाढात ओट्यावर ताडपत्रीचं छत पुढे किती येतं तेही उघडून बघा; हाताच्या अंतराएवढं छत आपल्या पावसात काही कामाचं नाही.

न्हाणी आणि संडास याबद्दल पुरुष दुकानात बोलत नाहीत, आणि बायकांना विचारलं जात नाही. माझ्या मते मोठ्या घरात ट्रेलर घ्यायचं हेच पहिलं कारण असायला हवं. उभा राहणारा घडीचा तंबू, आतून कडी, झाकणाचा रासायनिक संडास, हातपाय धुवायला वेगळा नळ. आत्यांचं वय झालंय, त्यांना खाली बसवत नाही. ही सोय झाल्यावरच त्या यायला तयार झाल्या. संडासाची टाकी कुठे रिकामी करायची ते निघण्यापूर्वी ठरवा. कुकडी प्रकल्पाची धरणं, म्हणजे येडगाव, माणिकडोह, डिंभे, वडज आणि पिंपळगाव जोगे, यांचं पाणी लोक पितात आणि शेताला देतात. त्यांच्या काठावर साबणाचं पाणीसुद्धा सोडू नये.

आता झोप. इथे आपला मुलूख ऑस्ट्रेलियापेक्षा वेगळा आहे. धरणं झाली, बारमाही पाणी आलं, ऊस वाढला आणि उसात बिबट्या राहू लागला. जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके येतात, आणि माणिकडोहला पकडलेल्या बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे. इथे माणसं गेली आहेत, लहान मुलं गेली आहेत. उघड्यावर झोपणारे ऊसतोड कामगार आणि मेंढपाळ यांना सगळ्यात जास्त धोका असतो, आणि शेतात कापडी तंबू टाकून झोपणारं कुटुंब त्यांच्यापेक्षा फार वेगळं नाही. म्हणून माझा नियम पक्का आहे: मुलं आणि म्हातारी माणसं पत्र्याच्या आत, दाराला कडी लावून. त्यामुळे पूर्ण कापडी, उलगडून तंबू होणारा ट्रेलर इथल्या माणसाने घेऊ नये, मग त्यात दहा जण झोपोत. भिंती टणक असलेला लहान ट्रेलर घ्या, ज्यात चार मुलं आणि दोघी म्हाताऱ्या मावतील. उरलेली दोन मुलं मोठ्या माणसासोबत गाडीत. राहिलेल्यांसाठी गावातली बंद पडवी, कृषी पर्यटनाची खोली, शाळेची खोली विचारून. अंधार पडल्यावर मुलांना एकटं सोडायचं नाही, संडासाच्या तंबूपर्यंतसुद्धा मोठं माणूस आणि दिवा सोबत. मुक्काम उसाला, झुडपाला लागून करायचा नाही. खरकटं उघडं टाकायचं नाही, कारण त्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो.

दिव्यावरून बॅटरी आठवली. बारा व्होल्ट, शंभर अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे साधारण बाराशे वॅट-तास. रात्रभर चार एलईडी दिवे, मोबाईल आणि पाण्याचा छोटा पंप यांना ती पुरून उरते. फ्रीज लावला की हिशेब बदलतो. लिथियमची बॅटरी महाग, पण शिशाच्या बॅटरीच्या निम्म्याहून कमी वजनाची. सोलरवर उन्हाळ्यात विसंबा, पावसाळ्यात माळशेजच्या ढगात नाही.

मुक्कामाच्या जागा आपल्याकडे उदंड आहेत. २०१८ साली राज्य शासनाने जुन्नरला पर्यटन तालुका जाहीर केलं, २०२१ साली राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण आलं, आणि जुलै २०२५मध्ये शिवनेरी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. असं असूनही ट्रेलर लावून वीज-पाणी घ्यायची, संडासाची टाकी रिकामी करायची जागा आपल्या दोन तालुक्यांत सहज सापडत नाही. एखाद्या ग्रामपंचायतीने लेण्याद्रीच्या किंवा ओझरच्या वाटेवर अशी जागा केली तर गावाला उत्पन्न होईल आणि रस्त्याकडेची घाण थांबेल, असं मला मनापासून वाटतं. तोपर्यंत विचारून थांबा. भीमाशंकर हे १९८५पासून अभयारण्य आहे. तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम नाही आणि जंगलात जाळ नाही. आमचा आवडता मुक्काम डिंभ्याच्या हुतात्मा बाबू गेनू सागराच्या बाजूला, एका शेतकऱ्याच्या खळ्यात असतो. भाडं देतो, दूध-भाजी त्याच्याकडूनच घेतो. नाणेघाटाला जायचं तर ट्रेलर जुन्नरजवळच सोडून गाड्या वर नेतो. घाटघरच्या पुढे पावसात वळायला जागा मिळेलच असं नाही, आणि ट्रेलरसह मागे येणं नवख्याला जमत नाही. दांडी जितकी आखूड, तितका तो पटकन मुडपतो. लांब दांडीचा घ्या आणि बाजार नसेल त्या दिवशी बाजाराच्या मोकळ्या मैदानात तासभर उलटं चालवायचा सराव करा, घरातल्या दोघांनी तरी.

घ्यायच्या आधी एकदा भाड्याने घेऊन बघा. मे महिन्यात नाही, श्रावणात. दोन रात्री, सगळी चौदा माणसं, मुलांच्या ओल्या चपलांसकट. परत आल्यावर बायका काय म्हणतात ते लिहून काढा आणि तो कागद घेऊन विकणाऱ्याकडे जा. आमच्या कागदावर पहिली ओळ होती, ओटा एक वीत उंच हवा. दुसरी, संडासाच्या तंबूला आत दिवा. तिसरी, ओले कपडे वाळवायला छताखाली दोरी. झोपायच्या जागेबद्दल त्यात एकही ओळ नव्हती.